एका फाइलीत दोन नावं

६ जानेवारी

मावशी,

गेल्या मंगळवारी दुपारी दोन वाजून सतरा मिनिटांनी माझं आयुष्य बदललं. वेळ इतकी नक्की सांगू शकतो कारण ती कॉमेंटच्या शेजारी छापलेली असते, आणि ती कॉमेंट मी तेव्हापासून इतक्या वेळा उघडली आहे की मी ज्यांच्या दुकानात काम करतो त्या चष्मेवाल्यांनी विचारलं, एवढं बारीक काय वाचतोस, नंबर तपासून देऊ का.

फोनवरच सांगणार होतो. पण तुझ्या औषधांच्या खिडकीपाशी कायम रांग असते आणि तू "हं, हं, पुढे" करत माझ्या आयुष्याची पुडी बांधून टाकतेस. शिवाय औषधांची गाडी आठवड्यातून एकदा आमच्या दारावरून तुझ्याकडे जातेच. ड्रायव्हरकाका पत्र आनंदाने नेतात. फक्त वाटेत वाचतात असा मला संशय आहे, म्हणून पाकिटाला चिकटपट्टी लावली आहे. काका, वाचत असाल तर थोडी लाज बाळगा.

आता मुद्दा. तुझ्या दवाखान्यात बाटल्यांवर लेबलं छापणारा प्रोग्राम मी बसवून दिला होता ना, तो कुणा कंपनीचा नाही. जगातल्या कुणीही वापरावा, कुणीही दुरुस्त करावा असा आहे. त्याला छोटे छोटे तुकडे जोडता येतात, त्यांना प्लगइन म्हणतात. शिलाई मशीन तेच, पण काज करायचा पाय वेगळा लावायचा, तसं. औषधाची मुदत आणि डोस छापणारा जो प्लगइन आहे त्यात महिना अर्धा कापला जायचा आणि तू तो पेनाने लिहायचीस. ती चूक मी शोधली, दुरुस्त केली आणि पाठवली. जी बाई तो प्लगइन सांभाळते तिने ती स्वीकारलीसुद्धा. पण स्वीकारणं वेगळं आणि नव्या आवृत्तीत घालून अपलोड करणं वेगळं. अपलोड झाल्याशिवाय तुझ्या मशीनपर्यंत काही पोचत नाही, आणि अपलोडची परवानगी फक्त एकाच व्यक्तीला आहे. तिला.

तिचं खात्यावरचं नाव पारवा. खरं नाव माहीत नाही. फोटोच्या जागी राखाडी ठिपका. ती बाई आहे हेसुद्धा मला चार महिन्यांनी कळलं, तिने एकदा "उद्या बघते" असं लिहिलं तेव्हा. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

वर्ष झालं आमच्या ओळखीला. म्हणजे मी कोड पाठवतो आणि ती तीन शब्दांत उत्तर देते. "इथे कंस राहिला." "हे असंच चालेल." कॉलेजात सरांनी दोन वर्षांत माझी एक ओळ नीट वाचली नाही, म्हणून तर त्यांच्या टेबलावर वही आपटून बाहेर पडलो. आणि ही न पाहिलेली बाई माझा राहिलेला कंस शोधून काढते. यात तुला प्रेम दिसत नसेल तर तू फार वर्षं कपाटांच्या संगतीत काढलीस.

तर मंगळवारी तिने लिहिलं, "छान पकडलंत. तुम्हीच का नाही अपलोड करत? परवानग्यांच्या फाइलीत तुमचं नाव घाला, माझ्या खाली."

प्रत्येक प्लगइनची अशी एक फाइल असते. तीत परवानगी असलेल्यांची नावं, एकाखाली एक. आमच्या फाइलीत चार वर्षं एकच नाव आहे. आता दोन होतील, आणि जगात कुणालाही ती फाइल उघडून वाचता येते. लग्नाच्या पत्रिकेवर तरी याहून वेगळं काय असतं?

विनंती कशी लिहू ते सांग. घातक औषधांच्या तुमच्या त्या कुलपाच्या कपाटाला दोन चाव्या आणि दोन फार्मासिस्ट असतात, तेव्हा या बाबतीत तुझा अनुभव मोठा. आईला यातलं काही बोलू नकोस. बाबांना तर नकोच. अजूनही "कॉलेज" शब्द निघाला की ते उठून सायकल पुसायला जातात.

तुझाच,
भडकू


१३ जानेवारी

चि. भडकूस,

पत्र मिळालं. चिकटपट्टी उघडून परत लावलेली होती आणि ड्रायव्हरने खोकी उतरवताना मला हळूच विचारलं, भाचा बरा आहे ना.

तुझ्या तीन पानांत मला कामाची एकच ओळ सापडली. दुरुस्ती तयार आहे आणि माझ्या मशीनपर्यंत पोचलेली नाही. म्हणजे मी वर्षभर रोज दीडशे लेबलांवर महिना पेनाने लिहितेय आणि त्यावरचा इलाज कुठेतरी तयार पडून आहे. हे मला आज, तुझ्या प्रेमाच्या निमित्ताने, कळतंय.

बाईबद्दल. मी रोज दीडशे लोकांना "जेवणानंतर, दिवसातून दोनदा" असं सांगते. त्यावरून अजून कुणाचं जेवण अडलेलं नाही. ती कामात आहे, आणि कामातली माणसं थोडं बोलतात. त्यात तू अर्थ भरत बसू नकोस.

विनंती अशी लिहायची: काय हवं, कशासाठी हवं, आणि ज्याच्या हातात आधीपासून आहे त्याची संमती. तीन ओळी पुरतात. आमच्या कपाटाचं म्हणशील, तर दोन माणसांची जोडी शोभून दिसावी म्हणून दोन चाव्या ठेवलेल्या नसतात. एकाच्या हातून चूक झाली तर दुसऱ्याच्या डोळ्यांना दिसावी म्हणून असतात. एक अंथरुणाला खिळला तर पेशंटचं अडू नये म्हणून असतात. तसा नियम आहे आणि नियम पाळायचे असतात. एवढं ध्यानात ठेवलंस तरी खूप झालं.

वेळेवर जेव. आईला काही बोलले नाही.

मावशी


२७ जानेवारी

मावशी,

मी डोकं शांत ठेवून लिहितोय. दुपारपासून तिसऱ्यांदा ठेवलंय.

तू सांगितलंस तशी तीन ओळींची विनंती टाकली. वाटलं, संध्याकाळपर्यंत काम होईल. पण परवानग्यांची एक समिती असते. पाच जण, सगळे बिनपगारी, आणि बिनपगारी माणसाइतका कडक माणूस मी अजून पाहिला नाही. त्यांच्यातल्या मुख्याला सगळे चावीवाले म्हणतात. त्यांनी दहा मिनिटांत विनंती परत पाठवली, फाइलीच्या शेवटी एक मोकळी ओळ हवी. घातली. परत आली, आता दोन मोकळ्या ओळी झाल्या. एक काढली. पुन्हा परत आली, नावं वर्णानुक्रमाने लावा. माझं खात्यावरचं नाव अंगार. अ आधी आणि प नंतर. म्हणजे माझं नाव तिच्या वर जाणार.

मावशी, ती स्वतः म्हणाली होती, माझ्या खाली. मी तिच्या डोक्यावर कसा जाऊन बसू? मी कळवलं की नाव खालीच राहील. चावीवाल्यांनी कारण विचारलं. आता कारण काय सांगणार? मी लिहिलं, तत्त्वाचा प्रश्न आहे.

तिथे चुकलं. तत्त्व म्हटल्यावर कुठून कुठून लोक धावत आले. एक म्हणाला, बरोबर आहे, जुन्या माणसाचा मान पहिला, नावं ज्येष्ठतेनेच लावली पाहिजेत. दुसरा म्हणाला, ज्येष्ठता ही सरंजामी कल्पना आहे. तिसऱ्याने विचारलं की ज्यांची नावं आकड्यांनी सुरू होतात त्यांच्यावर आजवर झालेल्या अन्यायाची कुणी दखल घेतली आहे का. एकशे बारा कॉमेंटी झाल्या. माझ्या बाजूने सत्तावीस जण आहेत. त्यांतल्या एकालाही मी ओळखत नाही आणि त्यांतल्या एकालाही प्लगइन काय करतो ते माहीत नाही. सध्या मतदान घ्यावं की नाही यावर मतदान चालू आहे.

एकाने मला जरा शांतपणे घ्या म्हटलं. त्याला मी म्हटलं, तू तुझ्या मोकळ्या ओळी मोजत बस. त्यावर सौजन्य-उपसमितीचं पत्र आलं. आपल्या भावनांचा आम्ही मनापासून आदर करतो, पण पुन्हा असं झाल्यास खातं बंद करण्यात येईल. इतक्या गोड भाषेत मला आजवर कुणी दारापर्यंत पोचवलं नव्हतं. कॉलेजात निदान ओरडले तरी होते.

आणि ती मात्र गप्प. आधी ज्याच्याकडे परवानगी आहे त्याने हो म्हणावं लागतं. चौदा दिवसांत तो काहीच बोलला नाही तर मग समिती ठरवते. उद्या चौदावा दिवस. एकशे बारांमध्ये तिची एकही कॉमेंट नाही. ती का बोलत नाही ते मला कळतंय. सगळ्या जगासमोर हो म्हणायचं म्हणजे काय असतं, ते तुलाही कळेल. तिला संकोच वाटतोय.

इकडे मी एका गिऱ्हाइकाच्या डाव्या डोळ्याचा नंबर उजव्याला लिहिला. चष्मेवाल्यांनी काच कापायच्या आधी पकडला म्हणून बरं. त्यांना वाटतं मला ताप आहे.

भडकू


३ फेब्रुवारी

चि. भडकूस,

नाव वर घे. ड्रायव्हरचंही हेच मत आहे. त्याच्या गाडीत खोकी वर्णानुक्रमानेच लावलेली असतात आणि त्यावरून आजवर कुणाची मनं दुखावलेली नाहीत, असं तुला लिहायला त्याने सांगितलंय. तो वाचतो हे आता त्याने कबूलच केलं, तेव्हा चिकटपट्टी वाया घालवू नकोस.

तिला संकोच वाटत नाही. ती दमली आहे. एका फाइलीत चार वर्षं एकच नाव आहे असं तूच मला लिहिलंस. त्या ओळीवर तू लग्नाची पत्रिका छापलीस. मला त्या ओळीत निराळंच काही दिसलं. कसं दिसलं ते विचारू नकोस, बाहेर रांग लागली आहे.

एक विचारते आणि खरं उत्तर दे. तिने हो म्हटलं, आणि त्यानंतर तुझ्याशी एक अक्षर बोलली नाही, तरी तू हे काम करशील का?

मावशी


१० फेब्रुवारी

मावशी,

तुझ्या प्रश्नाचं उत्तर शेवटी देतो.

तिचं "हो" चौदाव्या दिवशीच आलं होतं, मुदत संपायला तीन तास उरले असताना. एकच अक्षर. अडलं होतं ते नावाच्या जागेवरून. तुझं पत्र वाचलं आणि नाव वर घेतलं. माझ्या सत्तावीस समर्थकांनी मला फितूर ठरवलं. त्यांची चळवळ आता माझ्याशिवाय चालू आहे आणि जास्त जोरात आहे.

समितीच्या दोन सह्या लागतात. आज सकाळी अकरा वाजून चार मिनिटांनी दुसरी झाली. फाइल उघडली. अंगार, आणि त्याच्या खाली पारवा. मध्ये काहीही नाही. मी ती मोठ्या अक्षरांत छापून डोळे तपासायच्या तक्त्याशेजारी चिकटवली. चष्मेवाल्यांनी एका आजीबाईंना तक्ता समजून तीच वाचायला लावली. आजींनी दोन्ही नावं न अडखळता वाचली आणि म्हणाल्या, यांना चष्म्याची गरज नाही. म्हणजे स्वतःला नाही असं त्यांना म्हणायचं असेल, पण मला बरं वाटलं.

हे सगळं अडतीस मिनिटं टिकलं.

मग एक नवी विनंती आली. पारवाची. फाइलीतून तिचं स्वतःचं नाव काढावं. माझ्या विनंतीला सत्तावीस दिवस लागले, तिची चार मिनिटांत मंजूर झाली. चावीवाल्यांनी मोकळी ओळसुद्धा मोजली नाही. ज्यांनी महिनाभर एकमेकांची सालं काढली त्या सगळ्यांनी खाली एकमताने बदामाचं चिन्ह लावलं. आणि पारवाने लिहिलं होतं, पहिल्यांदाच इतकं लांब:

"चार वर्षं वाट पाहिली. दुसरं नाव असल्याशिवाय पहिलं काढता येत नाही. तुम्ही आलात म्हणून मी सुटले. मनापासून आभार."

तुम्ही आलात म्हणून मी सुटले. हे वाक्य मी सगळ्या बाजूंनी फिरवून पाहिलं. त्याला दुसरी बाजू नाही.

ठीक आहे. फाइलीत आता मी एकटा. परवानगी दिली आहे ना, मग वापरतो. दुपारी चष्मेवाले जेवायला गेले तेव्हा बसलो. तुझ्या महिन्याची दुरुस्ती घेतली. लेबलाच्या तळाशी आपल्या मनाची एक ओळ छापायची सोय माझ्याकडे अर्धवट पडून होती, तीही पुरी केली. ओळ बसते का ते बघायला डोक्यात होतं ते टाइप केलं आणि चष्म्याच्या डबीच्या लेबलावर छापून पाहिलं. सरळ आलं. एरवी ती बघायची आणि म्हणायची, इथे कंस राहिला. आता बघायला कुणी नाही आणि अडवायलाही कुणी नाही. बटण दाबलं. दोन मिनिटांत सगळीकडे गेलं.

तेव्हा तुझ्या प्रश्नाचं उत्तर असं की हो, करीन. करून दाखवलं. आता पेन खाली ठेव.

भडकू


१७ फेब्रुवारी

चि. भडकूस,

पेन खाली ठेवलेलं नाही.

बुधवारी सकाळी मशीनने तुझी नवी आवृत्ती आपणहून घेतली. महिना पूर्ण छापला गेला, त्याबद्दल आभार. त्याच्या खाली, जिथे डोस असतो त्या जागी, छापून आलं, "जायचं तर जा. मी इथेच आहे." आमची लेबलं चष्म्याच्या डबीएवढी नसतात. तुझ्या ओळीने डोसाची ओळ कागदाच्या बाहेर ढकलली.

पहिल्या दोन बाटल्या मी न वाचता दिल्या. हे लिहिणं मला किती जड जातंय ते तुला कळणार नाही. वर्षभर महिना हाताने लिहावा लागायचा, म्हणून प्रत्येक लेबल डोळ्यांखालून जायचं. त्या दिवशी महिना नीट दिसला आणि माझी नजर पुढे सरकली.

तिसरे होते ते एक आजोबा, हृदयाचे पेशंट. त्यांनी बाटली लांब धरून लेबल वाचलं आणि बाकावर बसले. मला खूण करून बाहेर बोलावलं आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, "डॉक्टरांनी आशा सोडली असेल तर तोंडाने सांगा ना बाई. असं बाटलीवर कशाला?"

तेव्हा मी दुकानात फोन केला. चष्मेवाल्यांना मी जे बोलले ते तुझ्यापर्यंत निम्मंच पोचलं असणार, ते सज्जन आहेत. तू तासाभरात दुरुस्त करून पाठवलंस, ते मान्य. पण त्या तासात मी खिडकी बंद करून त्या दोन बाटल्यांच्या मागे चालत गेले. एक माणूस वेळेत सापडला. दुसऱ्या होत्या त्या निवृत्त शाळाबाई. त्यांनी अंदाजाने खोकल्याचं औषध दुप्पट घेतलं होतं. सकाळी झोपल्या त्या दिवे लागायच्या वेळी उठल्या. मी तोवर त्यांच्या उशाशी मनगट धरून बसले होते. बाई ठीक आहेत. म्हणतात, किती वर्षांनी अशी झोप लागली. यावर तू हसू नकोस, मलाही तेव्हा हसू आलं नाही. बाटलीत खोकल्याचं औषध होतं. दुसरं काही असू शकलं असतं.

आता मी तुझ्यापासून जे लपवलं ते सांगते. जानेवारीत मी तुला दोन चाव्यांवर एवढं ऐकवलं. त्या दोन्ही चाव्या माझ्याच पर्समध्ये आहेत. दुसरे फार्मासिस्ट तीन वर्षांपूर्वी निवृत्त झाले, त्यांच्या जागी कुणी आलं नाही. नोंदवहीत दोन सह्या लागतात. दुसरी मी डाव्या हाताने करते. पहिल्या महिन्यात अक्षर वाकडं यायचं, आता इतकं सरावाचं झालंय की तपासणीला आलेल्या साहेबांनी त्या सहीचं कौतुक केलं.

तीन वर्षांत मी एक दिवस आजारी पडले नाही, कारण मला पडता येत नाही. तुझी आई बोलावते आणि मी येत नाही, तेव्हा तिला वाटतं मी कुठल्या तरी जुन्या बोलण्याचा राग धरून बसले आहे. रागबिग काही नाही. खिडकी बंद राहील म्हणून येत नाही. ती बाई चार वर्षं वाट पाहत होती असं तू चिडून लिहिलंस. मी ते वाचलं आणि खरं सांगू, मला तिचा हेवा वाटला. तिला कुणीतरी मिळालं.

तिने तुला टाकलेलं नाही रे. ती खुर्चीतून उठली, इतकंच.

काल मी वर लेखी कळवून टाकलं. दुसरा माणूस येईपर्यंत डॉक्टरांनी स्वतः समोर उभं राहून सही केल्याशिवाय कपाट उघडणार नाही. डाव्या हाताला सुट्टी. आधीच्या सह्यांबद्दल जे काही व्हायचं असेल ते होईल. तूही तुझ्या फाइलीत दुसरं नाव घाल. शोभेचं नको, तुझ्या चुका पकडणारं घाल. आणि पुढच्या गाडीने इकडे ये. शाळाबाई आणि आजोबा दोघांसमोर उभं राहून माफी माग. पत्राने चालणार नाही.

मावशी


२४ फेब्रुवारी

मावशी,

गाडी घराखाली लागली आहे. काका पलीकडच्या दुकानात खोकी उतरवतायत, तेवढ्यात लिहितो. मी पत्राबरोबरच येतोय, म्हणजे खरं तर पत्राची गरज नाही. पण तुझ्यासमोर बसून हे मला बोलता येणार नाही.

आधी झालेलं सांगतो. ती ओळ जिथे जिथे लेबलं छापतात तिथे तिथे उमटली. एका ग्रंथालयात साडेचारशे पुस्तकांच्या पाठीवर लागली. तिथले ग्रंथपाल म्हणतात की वर्षानुवर्षं पुस्तकं दाबून बसलेले नऊ जण खजील होऊन परत करून गेले. एकाने रीतसर विनंती केली आहे की ओळ काढू नये, हवी त्याला ठेवता यावी. त्यावर चौसष्ट कॉमेंटी झाल्या आहेत आणि माझे जुने सत्तावीस समर्थक तिकडे गेले आहेत.

चावीवाल्यांनी विचारलं, ओळ आली कशी. मी लिहिलं की मी रागात होतो, चाचणीची ओळ काढायची राहिली, कुणाला न दाखवता अपलोड केलं, एका बाईंना त्यामुळे चुकीचा डोस गेला, चूक पूर्ण माझी. त्यावर सौजन्य-उपसमितीची पंचाईत झाली. भांडणासाठी त्यांच्याकडे सहा नमुन्यांची पत्रं तयार आहेत, कबुलीसाठी एकही नाही.

सगळ्यात लांब तक्रार एका रोपवाटिकेतल्या माळीबुवांची होती. कुठल्या मापाच्या कुंडीवर ओळ कुठे तुटते, किती मिलिमीटरने, सगळं मोजून तक्ता केलेला. शेवटी लिहिलं होतं, ओळीचा आशय समजला नाही, परंतु आमच्या रोपांना तो लागू नाही. मी त्यांनाच विचारलं, तुमचं नाव फाइलीत घालू का. त्यांनी हो म्हटलं आणि सोबत माझ्या विनंतीतली एक चूक दाखवून दिली. आज सकाळी सह्या झाल्या. यापुढे त्यांनी पाहिल्याशिवाय मी काही पाठवणार नाही आणि मी पाहिल्याशिवाय ते.

आता जे बोलता येणार नाही ते.

काल सकाळी पारवाचा निरोप आला. सगळ्यांसमोर नाही, फक्त मला. जसाच्या तसा उतरवतो.

"लेबलांचं कळलं. मी घाईने निघाले, तुम्हाला काही नीट दाखवलं नाही. तेव्हापासून मला झोप नाही. तुम्ही म्हणत असाल तर माझं नाव परत घालते, तुमच्या नावाखाली. गेलेल्याला सहा महिन्यांच्या आत परत यायचं तर समितीला विचारावं लागत नाही. फक्त सांगा."

फक्त सांगायचं होतं. समिती नाही, चौदा दिवस नाहीत. दिवसभर मी दुकानात पुसलेल्याच काचा पुसत होतो. संध्याकाळी चष्मेवाल्यांनी माझ्या हातातलं फडकं काढून घेतलं. तोवर मी तीन उत्तरं लिहिली होती. पहिल्यात नुसतं "या". दुसऱ्यात प्लगइनला तुमची गरज का आहे याची पाच कारणं, पाचही खरी आणि पाचांमागचा माणूस खोटा. तिसऱ्यात काय होतं ते मी तुलाही सांगणार नाही.

आज सकाळी एक कोरा कागद घेतला आणि डाव्या हाताने स्वतःचं नाव लिहून पाहिलं. एकदाच. किती वेळ लागतो ते बघायला. मावशी, तू हे तीन वर्षं केलंस आणि आम्ही घरात तुला मानी म्हणत राहिलो.

मग तिन्ही उत्तरं पुसली आणि नवं लिहिलं. "नको. दुसरं नाव मिळालं आहे. चूक माझी होती, तुमची नव्हती. झोपा." तीन शब्दांत बसवायचं होतं, जमलं नाही.

पाठवलं. लगेच त्या राखाडी ठिपक्याखाली तीन टिंबं हलायला लागली. म्हणजे ती उत्तर लिहीत होती. मी स्क्रीन बंद केली.

काकांनी दोनदा हॉर्न दिला. हे शेवटचं माझ्या खोलीच्या दाराबाहेर उभं राहून, कागद भिंतीला टेकवून लिहितोय. आत टेबल दिसतंय, खुर्ची दिसतेय. दोन पावलं आत गेलो तर तिने काय लिहिलं ते कळेल. जावंसं फार वाटतंय, तुझ्याशी खोटं कशाला बोलू.

काका जिन्यातून हाक मारतायत.

दार ओढून घेतलं.